मागच्या सीटवरची थंडी

पूल वर गेला तेव्हा मारितला बरंच वाटलं. पुलापलीकडे पार्क पॉइंटवर राहणाऱ्यांच्या आयुष्यात ही एक सोय होती. लग्नाला उशीर झाला, दंतवैद्याकडे उशीर झाला, एकदा तर तिच्या नवऱ्याच्या, डुएनच्या, सख्ख्या भावाच्या दफनाला उशीर झाला, तरी ‘पुलानं अडवलं’ एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. आता समोरचा रस्त्याचा तुकडा उचलून आभाळात धरलेला होता आणि त्याखालून खनिजानं भरलेलं जहाज इतकं सावकाश चाललं होतं, की ते जागच्या जागी आहे आणि किनाराच मागे सरकतो आहे असं वाटावं. घरी पोचल्यावर डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या याबद्दल दोघांना काहीतरी बोलावं लागणार होतं. ते तेवढं लांबलं. तळ्यावरून येणारा वारा सप्टेंबर संपत आल्याचं सांगत होता, पण मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसलेल्या मारितला तो लागत नव्हता. तिची पाठ गरम होती. टेकडीवरच्या दवाखान्यातून निघाल्यावर तिनं डुएनच्या खांद्यावर दोनदा थोपटलं होतं, बिघडलेली घंटा आपण सवयीनं दाबून बघतो तसं. त्याचा डावा अंगठा नेहमीप्रमाणे वर झाला होता. आणि मग, उन्हाळाभर जे झालं नव्हतं ते झालं. आधी दोन्ही खांद्यांच्या मधे, मग मानेपाशी, मग दंडांवरून मनगटांपर्यंत ऊब उतरत गेली. रस्ता खणून ठेवलेल्या ठिकाणी गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती तेव्हाही ती ऊब टिकून होती, आणि आता पुलापाशीही होती. एरवी पुलापाशी डुएन इंजिन बंद करी. आज त्यानं ते चालू ठेवलं होतं. माझं शरीर परत आलं, असं मारितच्या मनात आलं. घरी गेल्यावर आधी हेच सांगायचं, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात पुढच्या गाडीच्या पत्र्यावर पडलेला त्यांच्या दिव्यांचा उजेड पिवळट झाला, इंजिन एकदा खोकलं, आणि मांड्यांखालची थरथर थांबली. आजूबाजूला पाणपक्ष्यांचा केवढा कलकलाट चालला होता हे तिला तेव्हा कळलं.

डुएननं बटण दाबलं. आत कुठेतरी टक् झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्.

‘‘काय झालं रे?’’

‘‘काही नाही. उतर जरा.’’

पूल खाली आला. मागच्या ट्रकमधला टोपीवाला माणूस उतरून आला. ‘‘ढकलू का?’’ तो म्हणाला, ‘‘की जहाजालाच बांधून न्यायचा विचार होता तुमचा?’’ डुएन हसला, ओळख नसलेल्या माणसाशी हसावं तेवढंच. दोघांनी गाडी पुलाच्या जाळीवर घातली. मारित मागून चालत निघाली. जाळीतून खालचं पाणी दिसत होतं. तिच्या कमरेपाशी जाकिटाच्या अस्तराची वायर लोंबत होती, आणि पाठीवरची ऊब पुलाच्या निम्म्यावरच निघून गेली.

त्या अस्तरात बारीक तारा विणलेल्या होत्या. त्याची वायर गाडीच्या बॅटरीला जोडली की ते तापे. असं अस्तर नसेल तर या भागात मोटरसायकल चालवायचे महिने फार थोडे उरतात, आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर जुलैतसुद्धा धुकं असं येतं की बोटं आखडतात. मारितला थंडी सगळ्यांपेक्षा लवकर वाजे. म्हणून डुएननंच कितीतरी वर्षांपूर्वी तिच्यासाठी ते आणलं होतं, आपल्यासाठी नंतर. ऊब कमीजास्त करायची दोन्ही बटणं त्यानं हँडलपाशी, आपल्या हाताखाली बसवली. जाड हातमोजे घालून तुला ती फिरवता यायची नाहीत, असं तो म्हणाला होता, आणि ते खरंही होतं. खांद्यावर दोनदा थोपटलं की वाढव, एकदा थोपटलं की कमी कर. समजलं हे सांगायला त्याचा अंगठा वर होई. हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायची यंत्रं निघाली तेव्हा डुएनच्या मित्राच्या, रूडीच्या बायकोनं ती लगेच घेतली आणि रूडी म्हणाला, आता गाडीवरही सुटका नाही. या दोघांना ती कधी घ्यावीशी वाटली नाहीत. दोनदा थोपटणं आणि अंगठा एवढ्यावर त्यांचं चालत होतं. मारितला तर कधीकधी वाटे, की लग्नात आपण एकमेकांना जे काही सांगितलं त्यातलं सर्वांत नेमकं तेवढंच.

या वसंतात डुएननं गाडीला पुढे दोन जादा दिवे बसवले, रस्त्यावर येणारी हरणं लांबून दिसावीत म्हणून. त्यानंतर गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा मारित मागे होती, दोन्ही वेळा घरापासून लांब. त्यानं नवी बॅटरी घातली आणि उन्हाळाभर गाडीनं तक्रार केली नाही. तक्रार मारितच्या अंगानं सुरू केली. ती दोनदा थोपटायची, अंगठा वर व्हायचा, आणि पाठ तशीच थंड. एकदा कॉफीला थांबल्यावर ती म्हणालीही होती, ‘‘आज काही गरम झालं नाही बघ.’’ त्यानं वाकून तिच्या कमरेपाशी वायर नीट लागली आहे का पाहिलं आणि म्हणाला, ‘‘लागलंय की. मी पूर्ण वर ठेवलंय.’’ त्यानंतर ती पुन्हा बोलली नाही. स्वेटर घातला, मग त्याच्याखाली आणखी एक. ऑगस्टमध्ये तिला कामावर, प्रयोगशाळेतही थंडी वाजू लागली. घरी, अंथरुणात, भांडी घासताना गरम पाण्यात हात असतानाही.

तिची आई शेवटच्या वर्षी स्वयंपाकघरात कोट घालून बसायची. वडिलांनी चुलीशेजारी भिंतीवर तापमापक लावला होता. आईनं अंग आक्रसून घेतलं की ते मान वळवून फॅरनहाइटमधला आकडा वाचून दाखवत, खोली पुरेशी ऊबदार असल्याचा. ‘‘बहात्तर आहे, इंगा.’’ त्यात रागवणं नव्हतं, उलट तिची समजूत काढल्यासारखा सूर असे. आई मान हलवी आणि कोटाचं वरचं बटण लावी. आईच्या रक्तात काय बिघडलं होतं ते कळेपर्यंत फार उशीर झाला. मारित तेव्हा लहान होती, आणि त्यातून तिनं उचललं ते विचित्रच. वडील चुकले असं तिला वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की त्यांनी मोजलं, पण चुकीच्या जागी. ती मोठी होऊन शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली आणि आयुष्यभर मोजत राहिली. तिथे संशयाचा एक क्रम असतो: आधी नमुन्यावर, मग यंत्रावर, मग स्वतःच्या हातांवर. आणि रोज सगळ्यांत आधी कोरा नमुना लावायचा, म्हणजे ज्यात काहीही नाही असं शुद्ध पाणी. त्यात काही दिसता कामा नये. दिसलं, तर त्या दिवसाचे सगळे आकडे टाकून द्यायचे, मग ते कितीही पटण्यासारखे असोत. थंडीच्या बाबतीत तिनं हाच क्रम लावला. जाकीट ठीक, वायर ठीक, बटण पूर्ण वर. उरली ती स्वतः. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात हातात घेऊन बोलायच्या. रक्त चांगलं, गळ्यातली ग्रंथी चांगली, सगळं चांगलं. तरी तुम्हाला वाटतंय ना, मग रक्तवाहिन्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते, म्हणाल्या. डुएन बाहेरच्या खोलीत मासेमारीचं मासिक मांडीवर ठेवून बसला होता. ती त्याला म्हणाली, ‘‘अजून तपासण्या.’’ त्यानं मासिक मिटलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या जाकिटाची चेन स्वतःच्या हातानं वरपर्यंत ओढली. असं त्यानं बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूडी आपला वीज मोजायचा मीटर घेऊन आला. खनिजाच्या गोदीवर इंजिनांची वायरिंग करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून कुणाची काही वस्तू बिघडली की त्याचा चेहरा खुलत असे. मारितनं दोघांना कॉफी आणून दिली आणि गराजच्या दारात उभी राहिली. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती.

‘‘साडेबारा व्होल्टच्या वर आहे,’’ रूडी म्हणाला. ‘‘बॅटरी मेलेली नाही. चालू कर.’’

गाडी एका झटक्यात चालू झाली.

‘‘आता अ‍ॅक्सिलरेटर थोडा पिळ. बस, बस, विमान नाही उडवायचं. चौदाच्या वर. झकास. आता वीज करणाऱ्या कॉइलकडून काय येतंय ते बघू.’’ त्यानं खाली बसून एक जोड सोडवला, तीन तारांपैकी दोन-दोन धरून पाहिल्या. ‘‘तिन्ही सारख्या. कुठली तार पत्र्याला टेकलेली नाही. डुएन, लेका, तुझ्या गाडीला काहीही झालेलं नाही.’’

‘‘मग काल पुलावर काय झालं?’’ मारितनं विचारलं.

‘‘ते पुलाला विचार. मलाही डॉक्टर हेच सांगतात. सगळं चांगलं आहे, पण जिना चढू नका.’’

सगळं चांगलं आहे. मारितनं कप खाली ठेवला. काय सलतं आहे ते तिला क्षणभर सापडेना, आणि मग सापडलं. ‘‘तुम्ही कोरा नमुना तपासताय,’’ ती म्हणाली.

‘‘काय तपासतोय?’’

‘‘नुसती गाडी. काल नुसती गाडी नव्हती. दिवे होते, याचं अस्तर होतं, माझं होतं. ते सगळं लावून बघा ना.’’

‘‘कशाला उगाच,’’ डुएन म्हणाला. ‘‘वाहन-बॅटरीच्या दुकानात नेऊन बदलून घेतो. हमीत आहे अजून.’’

‘‘बरोबर बोलतीये ती,’’ रूडी म्हणाला. ‘‘बस दोघंही. लग्नाच्या फोटोसारखे बसा.’’

मारित आतून अस्तर घालून आली. गराजचं दार वर, धूर बाहेर जातो आहे, आणि दोघं उभ्या गाडीवर एकामागे एक बसलेली. तिला हसू यायला हवं होतं. रूडीनं मीटर तिच्याच हातात दिला, म्हणाला, ‘‘आकडे तुझ्या खात्यातले. मोठ्यांदा वाच.’’ इंजिन पुलापाशी होतं तसं मंद चालू होतं. ‘‘तेरा पूर्णांक आठ,’’ ती म्हणाली. डुएननं जादा दिवे लावले. ‘‘तेरा दोन.’’ त्यानं आपलं बटण फिरवलं. ‘‘बारा आठ.’’

‘‘आणि बाईसाहेबांचं?’’

डुएनचा हात हँडलवर होता. तो लगेच हलला नाही. मारितला त्याची मान दिसत होती, न्हाव्यानं नीट न कापलेले केस दिसत होते. मग बटण फिरलं.

‘‘बारा दोन,’’ ती म्हणाली. ‘‘एक. बारा. खाली चाललंय.’’

रूडीनं शीळ घातली. ‘‘झालं की मग निदान. मंद चालताना गाडी जेवढी वीज करते त्यापेक्षा तुम्ही जास्त खाताय. उरलेली बॅटरीतून जाते. रस्ता मोकळा असला तर निभेल, पण खोदकामाच्या रांगेत आणि वर पुलापाशी उभं राहिलात की संपलं. डुएन, तुझ्या बायकोनं खाल्ली बघ बॅटरी.’’

मारितला शब्द ऐकू येत होते. पण बटण फिरल्यापासून तिची पाठ तापली होती. मिनिटही लागलं नव्हतं. खांद्यांच्या मधे, मानेपाशी, दंडांवर, तीच वाट धरून, कालच्यासारखी, आणि कालच्यासारखी म्हणजे पूर्वी असायची तशी. तापतं तेव्हा ते लगेच तापतं, आणि अंगाला ते लगेच कळतं. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

रूडी वायर गुंडाळता गुंडाळता थांबला. ‘‘एक कळत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘उन्हाळाभर चालली कशी? तळ्याकाठच्या लांबच्या बंदरापर्यंत जाऊन आलात ना तुम्ही, धुक्यात? हे सगळं लावून? जुलैतच आडवी व्हायला हवी होती ही.’’

डुएन गाडीवरून उतरला आणि फडक्यानं हात पुसायला लागला. हात स्वच्छ होते. रूडीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग मीटर पेटीत ठेवला, आणि आज बायकोला घेऊन बाजारात जायचंय, नाहीतर जेवायला मिळायचं नाही, असं म्हणून निघून गेला.

मारित मागच्या सीटवर बसून राहिली. इंजिन बंद झालं होतं. अस्तर गार होत होतं, आणि ती ते गार होणं मोजत होती. आधी मनगटं, मग दंड. मे महिन्यापासूनची एकेक सहल तिच्या डोक्यात मागे सरकत होती आणि प्रत्येक ठिकाणी एक अंगठा होता. धुक्यात वर झालेला, बोगद्यात वर झालेला, गूसबेरीच्या धबधब्यापाशी ऊन असताना वर झालेला. तिला राग शोधूनही सापडेना. राग यायला आधी कुठेतरी उभं राहावं लागतं.

‘‘कधीपासून?’’ तिनं विचारलं.

डुएन फडक्याकडे बघत म्हणाला, ‘‘दुसऱ्यांदा बंद पडली ना, त्याच्यानंतर. नवी बॅटरी घातली आणि त्याच रविवारी सिल्व्हर बेच्या चढावर दिवे मंद व्हायला लागले. म्हणून तुझं बंद केलं, तेवढ्यापुरतं. घरी आल्यावर सांगणार होतो. तू उतरलीस आणि म्हणालीस, आज काय छान झालं.’’

‘‘मी म्हणाले?’’

‘‘हो. मला वाटलं, हिला कळलंच नाही. मग पुढच्या वेळी सांगायचं म्हणजे मागचंही सांगावं लागलं असतं.’’

‘‘मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, पूर्ण वर आहे.’’

‘‘हो.’’

‘‘सुई टोचून घेतली मी, डुएन. तीनदा.’’

‘‘माहितीये.’’ त्यानं फडकं उलटं केलं. ‘‘तू म्हणायचीस की घरातही थंडी वाजते. मला वाटायला लागलं, खरंच काही असेल. मग माझं बटण त्यात कितीसं.’’

हे तो खोटं बोलत नव्हता. तेच वाईट होतं. तिलाही घरात थंडी वाजत होती, प्रयोगशाळेत वाजत होती, गरम पाण्यात वाजत होती. त्या थंड्यांपैकी कुठली बटणाची, कुठली भीतीची आणि कुठली आईच्या रक्तातून आलेली, हे सांगणारं काही शिल्लक नव्हतं. नमुने सगळे मिसळून गेले होते. आता मोठ्या डॉक्टरांकडे जायचं की नाही? गेलं तर त्यांना काय सांगायचं, की मला थंडी वाजते असं मला वाटतं, पण त्यावर फार विसंबू नका? आणि नाही गेलं, आणि खरंच काही असलं तर? ती विचारायला तोंड उघडून थांबली, कारण अंगठ्याबद्दल विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं हे तिला सुचेना. बटण बंद केलंस हे समजलं, ते बॅटरीसाठी. अंगठा कशासाठी?

‘‘दिवे काढून टाकतो,’’ डुएन म्हणाला. ‘‘आजच.’’

‘‘हरणांचं काय?’’

‘‘सावकाश चालवेन.’’

त्यानं ते खरंच केलं. दुपारभर तो गराजमध्ये होता. दिवे काढले, आणि न सांगता तिचं बटण हँडलवरून काढून एका लांब वायरीवर मागे, तिच्या उजव्या मांडीपाशी आणून बसवलं, जाड हातमोज्यालाही सापडेल असं मोठं. त्यावर एक छोटा हिरवा दिवा होता. वीज चालू असली की तो लागे. त्यानं तिला बोलावून ते दाखवलं, दोनतीनदा चालूबंद करून दाखवलं, आणि तिचं काही म्हणणं नाही असं पाहून फडकं घडी करून खिशात ठेवलं. रात्री जेवताना त्यानं बटाटे तिच्याकडे सरकवले. ती बटाटे वाढून घेत असताना त्यानं उठून घराचं तापमान वाढवलं, आणि तिनं ते पाहिलं, आणि त्यानं पाहिलं की तिनं पाहिलं. तिनं दवाखान्यात फोन केला नाही. मोठ्या डॉक्टरांच्या भेटीचं तसंच राहिलं, घ्यायची म्हणूनही नाही आणि सोडायची म्हणूनही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते निघाले. बर्फ यायच्या आत, गाडी झाकून ठेवण्याआधी एक शेवटची फेरी मारायची हे इथे सगळेच करतात, आणि ते दोघं तर लग्नाच्या आधीपासून. न जाण्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. पूल खालीच होता. शहर मागे पडलं, डावीकडे पिवळे झालेले बर्च, उजवीकडे करडं पाणी. मारितनं मांडीपाशी हात नेऊन बटण फिरवलं. हिरवा दिवा लागला. ऊब आली, खांद्यांच्या मधे, मानेपाशी, दंडांवर. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. तिनं स्वतःला विचारलं, गरम वाटतंय का? आणि उत्तर देण्याआधी तिनं दिव्याकडे पाहिलं. मग तिला कळलं की यापुढे ती आधी दिव्याकडेच पाहणार आहे.

लाकडं भरलेल्या एका ट्रकच्या मागे डुएननं वेग कमी केला होता. त्याचा डावा हात हँडलवर होता. तिथे आता त्याच्या स्वतःच्या बटणाखेरीज काही नव्हतं. तिचं बटण होतं त्या जागी दोन स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती, आणि आत गंज जाऊ नये म्हणून त्यानं त्यांत मेण भरलं होतं. त्याच्या हातात तिच्यासाठी वाढवण्यासारखं किंवा कमी करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हे ती जाणत होती, तो जाणत होता, त्यानंच ते काढलं होतं. मारितनं उजवा हात बटणावर तसाच ठेवला. डावा हात उचलला आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

अंगठा वर झाला.

लगेच झाला, वाऱ्यात सरळ आणि ठाम, तीस वर्षं होत आला होता तसा, आणि हात पुन्हा हँडलवर गेला. डुएनची मान हलली नाही. ट्रकवरून सालीचे तुकडे उडत येत होते. मारितची पाठ गरम होती. थोपटलेला हात अजून त्याच्या खांद्याच्या वर, हवेत होता, आणि तो आता कुठे ठेवावा हे तिला पुढचं वळण येऊन गेलं तरी सुचलं नाही.